दोन फ्रेम

शूट बुक झालं की मी एक मेसेज पाठवते. चार वर्षांत तो वाढत वाढत सव्वीस ओळींचा झालाय. घट्ट इलॅस्टिकचं काहीही तीन तास आधीपासून घालू नका, पोटावर वळ उठतात आणि ते पुसताना माझी रात्र जाते. आतले कपडे अंगाच्या रंगाचे. चप्पल सपाट. नवऱ्याचा शर्ट चौकड्यांचा नको. एकेक ओळ एकेका फसलेल्या शूटमधून आलेली. त्यातली सतरावी ओळ अशी होती : ‘लोकेशनवर बाथरूम नाही, दुपारनंतर पाणी बेताने प्यावे.’

जानेवारीचा शेवटचा आठवडा. शूट ज्या बाईचं होतं तिला गरोदरपणाचा बत्तिसावा आठवडा चालू होता. मॅटर्निटी शूटला, म्हणजे गरोदर बाईच्या फोटोंना, हाच काळ बरा, पोट गोल दिसतं आणि बाईला अजून ऊठबस जमते. तिला फोटो हवे होते द्राक्षबागेत. नाशकात सगळ्यांनाच हवे असतात, आणि मी नाही म्हणते. एक तर या दिवसांत निर्यातीच्या बागांमध्ये घडांना कागद लावलेला असतो. फोटोत द्राक्षं कुठली, रद्दीची पुडकी लोंबताना दिसतात. दुसरं म्हणजे फवारणी. बागायतदार कितीही म्हणाला की ‘मॅडम, आता काही मारलेलं नाही’, तरी गरोदर बाईला मी त्या मांडवाखाली उभी करत नाही.

म्हणून गंगापूर धरणाचं बॅकवॉटर ठरवलं, गंगावऱ्ह्याच्या बाजूला. तिथेही सध्या रीलवाल्यांचा उच्छाद आहे. आठव्या महिन्यातल्या बाईला गाऊनसकट गुडघाभर पाण्यात उभी करतात, खाली गाळ आहे की दगड याचा पत्ता नसताना. मी सगळं कोरड्यावर करते. पण कोरडं म्हणजे तरी काय? पाणी मागे सरकलं की वर तडकलेली पापडी दिसते आणि पाय दिला की घोट्यापर्यंत आत. म्हणून आदल्या दिवशी गमबूट घालून, हातात काठी घेऊन मी जागा ठोकून पाहिली. जिथं काठी रुतली नाही तिथं रांगोळीची पूड टाकून वाट आखली, गाडीपासून उभं राहायच्या जागेपर्यंत. शेजारी कुणाचा तरी गाळपेरीचा हरभरा होता. थोड्या अंतरावर वस्ती दिसत होती. तिकडे गेले नाही.

आदल्या दिवशी जायचं ते खरं उजेडासाठी. गोल्डन अवर, म्हणजे सूर्य मावळण्याआधीचा सोनेरी उजेड, हा शब्द आपल्याकडच्या माणसानं काढलेला नव्हे. युरोपात सूर्य तिरका तिरका घसरत जातो, तिथल्या यूट्यूबवाल्यांना तास-तासभर सोनं मिळतं, आणि आमची नवी पोरं ते व्हिडिओ बघून पाच वाजल्यापासून क्लायंटला उन्हात तळत बसतात. नाशिकचा सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, साडेचार मिनिटांना एक अंश. क्षितिजाच्या वर सहा अंशांवर आला की रंग चढतो, म्हणजे मावळेपर्यंत हिशोबानं सत्तावीस मिनिटं. त्यात पश्चिमेला डोंगर. फोनमध्ये सूर्यास्त ६.२५ दाखवत होता, पण डोंगर तीन अंश जरी वर आलेला असला तरी शेवटची तेरा-चौदा मिनिटं तो खातो. मी घड्याळ लावून बसले होते, ६.११ ला सूर्य डोंगराआड गेला. म्हणजे हातात उरली ५.५८ ते ६.११. तेरा मिनिटांसाठी सव्वीस ओळी.

बाकीचं नेहमीचंच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातलं रंगाचं सेटिंग, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा इमानेइतबारे सगळं सोनं धुऊन टाकतो, म्हणून ५६०० केल्विनवर लॉक. चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर सोनेरी असेल तर या उजेडात काढायचाच नाही, बाई हळदीला बसल्यासारखी दिसते, पांढरा घ्यायचा. ८५ची लेन्स. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, नाहीतर मागे संध्याकाळ आणि चेहऱ्यावर ट्यूबलाइट. बॅगेत शतरंजी, सेफ्टी पिना, डासांचं क्रीम, कपडे बदलायचा तंबू. पाण्याच्या दोन बाटल्या, त्याही आमच्या आम्हाला.

त्या दिवशी मेकअपवाली पाऊण तास उशिरा आली, त्यामुळे क्लायंटचं सगळं घाईत झालं. पाथर्डी फाट्यावरून निघायलाच साडेचार झाले. बरोबर सासूबाई आल्या होत्या. मी तंबू ठोकत होते तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “अगं ताई, ही तिन्हीसांजेची वेळ. पोटुशी बाई पाण्याकाठी कशाला उभी करायची?”

मी त्यांना गोल्डन अवर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे कातरवेळच की.”

“काकू, सव्वासहाला गाडीत बसवते. शब्द दिला.”

मरून रंगाचा ट्रेल गाऊन होता, मागे चार मीटर कापड. समोरून अंगासरशी दिसावा म्हणून पाठीमागे नऊ क्लिपा लावल्या. ५.५६ ला ती आखलेल्या वाटेनं जागेवर आली. नवऱ्याला तिच्या मागे उभं केलं, असिस्टंटनं ट्रेल उडवला, मी अकरा फ्रेम घेतल्या. हसत होती. मला वाटलं ओठ जरा सुकल्यासारखे दिसतायत, आणि मी मेकअपवालीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

६.०३ ला तो उजेड आला. पाण्यावरून आडवा आलेला, मधासारखा. मी ‘हनुवटी जरा खाली’ म्हणाले आणि ती म्हणाली, “ताई, डोळ्यांपुढे काळं येतंय.”

नवऱ्यानं धरली म्हणून पडली नाही. शतरंजीवर घेतली. तो तिला उताणी निजवायला लागला तेव्हा मी ओरडले, डाव्या कुशीवर, डाव्या कुशीवर! उताणं झोपवलं की पोटाच्या भारानं आतली मोठी शीर दाबली जाते. हे मी पोझसाठी वाचलेलं, कारण बऱ्याच जणी फुलांच्या गादीवर उताण्या झोपलेल्या फोटोचा हट्ट धरतात. क्लिपा भराभर काढल्या. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

“सकाळपासून काय खाल्लंस?”

“दोन घास पोहे. नंतर लिपस्टिक लावली ना…”

“आणि पाणी?”

डोळे मिटूनच म्हणाली, “ताईंनी मेसेजमध्ये लिहिलं होतं, पिऊ नका म्हणून.”

‘बेताने’ लिहिलं होतं. ‘पिऊ नका’ नव्हतं लिहिलं. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, देवाची कृपा म्हणून बाहेर पडलं नाही. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. सासूबाई पिशवीत हात घालून डब्याचं झाकण उघडत होत्या, नवरा डॉक्टरांना फोन लावत होता.

आणि मी तीन पावलं मागे झाले होते, त्यांना जागा व्हावी म्हणून. कॅमेरा गळ्यातच. कुशीवर पडलेली ती, चेहरा पश्चिमेकडे, गालावर तो उजेड. मरून कापड तडकलेल्या गाळावर पसरलेलं. पोटावर सासूबाईंचा हात, त्यात हिरव्या बांगड्या, बोटांची पेरं सुजलेली. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. दोन फ्रेम. ६.०७.

असिस्टंटनं रिफ्लेक्टर अजून खाली ठेवला नव्हता. कुणी न सांगता त्यानं तो तिच्या चेहऱ्याच्या दिशेनं थोडा कलता केला. सवय.

मग मला भान आलं आणि मी आमच्या बाटल्या घेऊन धावले. एक रिकामी होती, दुसरीत घोटभर. म्हणून वस्तीवर पळाले. तिथल्या बाईनं तांब्याभर पाण्यात मीठ-साखर कालवून दिली आणि विचारलं, “इथवर आणायची ना तिला, बाथरूम हाय आमच्याकडं.” पत्र्याच्या दाराचा स्वच्छ संडास. आमच्या जागेपासून अडीचशे पावलं असेल. दोन वर्षं मी त्या काठावर शूट करतेय.

पाणी आणि डिंकाचा अर्धा लाडू पोटात गेल्यावर तिला हुशारी आली. सूर्य तोवर गेला होता. फोनवर डॉक्टर म्हणाले, एकदा घेऊन या, बघून घेऊ. ते दवाखान्यात गेले, आम्ही अंधारात तंबू गुंडाळला. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी नवऱ्याचा मेसेज आला : बाळाचे ठोके ठीक, बीपी थोडा कमी, घरी सोडलं.

मी पैसे परत करते म्हटलं, त्यांनी घेतले नाहीत. दहा दिवसांनी त्यांच्याच गच्चीवर सकाळी सातला शूट केलं, हिरव्या साडीत. सासूबाई खूश. अल्बम चांगला झाला. चांगला म्हणजे गच्चीवरच्या अल्बमसारखा.

ते दोन फ्रेम मी बऱ्याच वेळा उघडून बघितलेत. लग्नात पाठवणीला आई ढसाढसा रडते तेव्हा मी तिच्या तोंडासमोर दीड फुटावर असते, आणि त्याचेच तर लोक पैसे देतात. तिथं कधी हात थांबला नाही, थांबला असता तर घरच्यांनी बोल लावला असता. मग इथं काय वेगळं होतं? हे मी असिस्टंटला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, पाणी आणायला तुम्ही दहा सेकंद उशिरा गेलात, एवढंच.” तो बावीस वर्षांचा आहे, चेष्टेत बोलतो की खरं, कळत नाही.

सतरावी ओळ बदलली. आता तिथं ‘पोटभर जेवून यावे, पाणी नेहमीसारखे प्यावे, बाथरूमची सोय आहे’ असं आहे. वस्तीवरच्या बाईला मी दर शूटचे दोनशे रुपये देते.

एप्रिलमध्ये ती बाळाला घेऊन अल्बम न्यायला आली. मुलगी झालीय, जावळ भरपूर. एका हातानं पानं उलटत होती. शेवटच्या पानावर थांबली.

“ताई, मी तेव्हा आडवी होते ना, मला दोनदा खट्‌-खट्‌ ऐकू आलं होतं. ते फोटो नाहीत का यात?”

“ते हलले गं,” मी म्हणाले. “ब्लर आले.”

असिस्टंट शेजारच्या टेबलावर तिचा पेनड्राइव्ह कॉपी करत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याला माहीत आहे, फोकस पापणीवर आहे, एकेक केस मोजता येतो.