कोच विश्वासातलाच हवा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चर्चच्या मंडळीतले व्यवसाय करणारे बरेच जण मला हेच विचारतात: एक्झिक्युटिव्ह कोच (म्हणजे धंदा चालवणाऱ्याला आयती उत्तरं न देता, प्रश्न विचारून स्वतःचं उत्तर शोधायला लावणारा माणूस) नेमायचाय, तो ख्रिस्ती, म्हणजे विश्वासातलाच असावा ना?

असला तर उत्तम. पण आधी हे बघा, की त्याला कोचिंग येतं का. या धंद्याला परवाना लागत नाही, कोणीही उठून कोच म्हणवून घेऊ शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रं देते. प्रशिक्षण वेगळंच, पण नुसत्या प्रत्यक्ष कोचिंगचे पहिल्या पायरीला (एसीसी) १०० तास लागतात, दुसरीला (पीसीसी) ५०० आणि तिसरीला (एमसीसी) २,५००. प्रमाणपत्राने शहाणपण येत नाही, मान्य. तरी नुसती ‘मला देवाचं बोलावणं झालंय’ एवढीच पात्रता सांगणाऱ्यापेक्षा हे बरं.

‘अविश्वासी माणसाचा सल्ला कसा घ्यायचा?’ असं कोणी म्हटलं की मी बायबलमधल्या निर्गमाचा १८वा अध्याय काढतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा निवाडे करत बसलाय. सासरा इथ्रो, मिद्यानाचा याजक, आधी विचारतो की तू एकटाच का बसतोस. मग सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. देवाची तशी आज्ञा असेल तर, हेही जोडतो. आणि काम झाल्यावर आपल्या देशी परत जातो. (काटेकोर लोक म्हणतील, हा कोच नव्हे, सल्लागार. असू दे.) हा माणूस इस्राएलातला नव्हता, तरी मोशेने त्याचं ऐकलं.

खरी अडचण मला उलट्या बाजूला दिसते. ‘प्रभूने मला दुसरी शाखा उघडायला सांगितलंय’ असं तुम्ही म्हणालात की विश्वासातला कोच गप्प बसण्याची शक्यता जास्त. देवाच्या नावाने सांगितलेल्या बेताला कोण आडवं जाणार? पण रोकड किती महिने पुरेल, हे त्याने विचारायलाच हवं. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, हे तर येशूच सांगतो. हा प्रश्न न कचरता विचारणारा ख्रिस्ती कोच मिळाला तर त्याला सोडू नका.

विश्वास नसलेला कोच चालेल, विश्वासाची टर उडवणारा नाही. लाच न देण्याचा किंवा रविवारी काम बंद ठेवण्याचा तुमचा निर्णय त्याला खुळचटपणा वाटत असेल, तर दर महिन्याला तोच वाद पैसे देऊन घालावा लागेल.

पाळकसाहेबांना कोच करू नका. प्रार्थना, पश्चात्ताप, घरातलं दुःख यासाठी ते आहेतच. तुमच्याच मंडळीतला कोचही मी टाळेन. तुमचा मॅनेजर उपासनेत त्याच्या शेजारी बसत असेल, तर त्या मॅनेजरला काढायचं की ठेवायचं हे तुम्ही मोकळेपणी बोलणार कसे? गोपनीयता, मुदत आणि मध्येच थांबायचं असेल तर काय, हे करारात लिहून घ्या.

पहिली भेट पुष्कळ कोच फुकट देतात. दोन-तीन जणांना भेटा आणि प्रत्येकापुढे तुमचा खरोखर अडलेला एकच प्रश्न ठेवा. जो लगेच उत्तर देईल, त्याचं नाव यादीतून काढा.