पपईच्या विषाणूचा पहिला तुकडा

शहादा तालुक्यातील एका पपईच्या बागेतून मी पहिला नमुना घेतला, तेव्हा झाडांना नुकती फळे धरू लागली होती. शेंड्याची पाने पिवळी पडून आकसली होती, काही पाने तर इतकी अरुंद झाली होती की नुसत्या शिराच उरल्यासारख्या दिसत होत्या. देठांवर तेल सांडल्यासारख्या गडद हिरव्या रेघा आणि फळांवर गोल कडी होती. बागेचे मालक म्हणाले, "ताई, व्हायरस आहे हे आम्हालाही दिसतं. फवारणीनं जाईल की बाग उपटायची, तेवढं सांगा." विषाणू मारणारे औषध नाही, आणि मावा पानावर क्षणभर टेकून रस चाखतो तेवढ्यातच लागण होत असल्याने फवारणीही पुरी पडत नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. ते ऐकताना त्यांचा उतरलेला चेहरा पुढे प्रयोगशाळेत अनेकदा आठवला.

हा पपई रिंगस्पॉट विषाणू, आणि मला त्याचा जनुकसंच वाचायचा होता. हा जनुकसंच म्हणजे आरएनएचा एकच धागा. हवाईतील नमुन्याचा संपूर्ण क्रम 1992 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात 10,326 न्यूक्लिओटाइड (धाग्याची अक्षरे) मोजले गेले. एवढा लांब धागा एका दमात वाचता येत नाही, म्हणून एकमेकांवर थोडे चढलेले सात तुकडे वाढवून (प्रत्येकाच्या असंख्य प्रती करून), ते वाचून नंतर जोडायचे असे मी ठरवले. पपईच्या पानातील चिकामुळे आरएनए काढताना नळीच्या तळाशी तपकिरी, चिकट गोळा बसत असे. कोवळी पाने घेऊन धुण्याची एक पायरी वाढवल्यावर तो प्रश्न सुटला.

सहा तुकडे आले. पहिला, म्हणजे पी-1 प्रथिनाच्या जनुकाचा, येईना. तीन आठवडे मी तापमान बदलले, मॅग्नेशियमचे प्रमाण बदलले, नवे रसायन मागवले, तरी तुकडा आल्याची खूण असलेला पट्टा जेलवर त्या रकान्यात उमटला नाही. शेवटी भारतातील प्रसिद्ध झालेले क्रम एकाखाली एक मांडून पाहिले, तेव्हा दोष माझ्या हाताचा नसून प्रायमरचा, म्हणजे प्रती काढायला जिथून सुरुवात होते तिथे चिकटणाऱ्या छोट्या धाग्याचा, आहे हे उमगले. या विषाणूच्या जनुकसंचात सर्वांत जास्त फरक पी-1 मध्येच आढळतो, आणि मी प्रायमर बेतला होता तो परदेशी नमुन्यावरून. त्याचे टोक जिथे घट्ट बसायला हवे, नेमकी तिथलीच अक्षरे आपल्याकडील क्रमांत वेगळी होती.

फारशा न बदलणाऱ्या जागा शोधून नवे प्रायमर मागवले आणि पट्टा आला. वाचनाच्या आलेखात दर अक्षराला एका रंगाचे एकच शिखर हवे, पण कित्येक ठिकाणी एकाच जागी दोन रंगांची शिखरे होती. मी प्रत्येक ठिकाणी उंच शिखर धरून क्रम पुरा केला आणि मार्गदर्शक मॅडमना दाखवला. त्यांनी एकच विचारले, "यातलं खरं कोणतं, हे कशावरून ठरवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तो तुकडा जिवाणूंत क्लोन करून, म्हणजे एकेका जिवाणूत एकेकच प्रत घालून, त्यांच्या दहा वसाहती वेगवेगळ्या वाचल्या, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. एकाच झाडात विषाणूची दोन रूपे नांदत होती, आणि उंच शिखरे निवडून मी निसर्गात कदाचित कुठेच नसलेला तिसराच क्रम तयार केला होता. आरएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) आपल्या चुका तपासत नाही, हे मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते. त्याचा अर्थ मला त्या आलेखापुढे कळला.

हा फरक नोंदवणे का आवश्यक आहे, याचे उत्तर हवाईत आहे. तिथे 1998 पासून लावली जाणारी 'रेनबो' पपई तिथल्याच विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक घालून घडवली आहे, आणि तिचे संरक्षण विषाणूचा क्रम त्या जनुकाशी किती जुळतो यावर अवलंबून असते. खानदेशातील विषाणूची अक्षरे नीट वाचल्याशिवाय तसा वाण इथे टिकेल असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

दोन्ही रूपे मी वेगवेगळी नोंदवली आणि पुन्हा त्याच बागेत गेले. या खेपेस बांधावरच्या गिलक्याच्या वेलाची पानेही घेतली. याच विषाणूचा एक प्रकार वेलवर्गीय पिकांवर येतो पण पपईला लागत नाही, आणि त्या फरकाच्या मुळाशी एका प्रथिनातील 27 व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल असल्याचे दाखवले गेले आहे. त्या वेलातील विषाणूत ती जागा मला वाचायची आहे. बागेच्या मालकांनी स्वतः पाने खुडून दिली आणि पिशवीवर तारीख लिहिली.