टोपेकाची मनरो शाळा

कॅन्सस सिटीहून टोपेकाला मोटारने तासभर लागतो. टोपेका राज्याची राजधानी असली तरी आपल्याकडून अमेरिकेला येणारे सहसा तिकडे फिरकत नाहीत. मला मात्र तिथली मनरो एलिमेंटरी ही शाळा बघायचीच होती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याविरुद्धच्या 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' या गाजलेल्या खटल्याशी जोडलेली ही शाळा. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२६ साली बांधलेली लाल विटांची दुमजली इमारत. आता ती राष्ट्रीय स्मारक आहे. आत जायला तिकीट नाही.

सोबत भाची होती. मोठाल्या खिडक्या, ऐसपैस वर्ग बघून ती म्हणाली, "मावशी, शाळा तर छान आहे की गं! मग खटला कशासाठी?"

खटल्याचं मर्म तिने नेमकं पकडलं होतं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शाळांची दैना सर्वांना माहीत होती. टोपेकात तसं नव्हतं. इमारती बऱ्या, शिक्षक उत्तम. खालच्या कोर्टाने तर दोन्हीकडच्या सोयी जवळपास सारख्याच असल्याचं म्हटलं. म्हणूनच इथे प्रश्न लखलखीत उभा राहिला: सगळं सारखं दिलं, तरी मुलांना वेगळं बसवणं हाच अन्याय नाही का?

कॅन्ससमध्ये १८७९ सालच्या कायद्याने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवायची मुभा होती. लिंडा ब्राउनच्या घराजवळच गोऱ्यांची सम्नर शाळा होती, पण ती चिमुरडी रेल्वे यार्डातून चालत बसथांबा गाठायची आणि मग बसने मनरोला यायची.

खटला लढवला एनएएसीपीने, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेने. लिंकनच्या गावात, स्प्रिंगफील्डला, १९०८ मध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले आणि पुढच्याच वर्षी ही संघटना जन्माला आली. सुप्रीम कोर्टात उभे राहिले ते तिचे वकील थर्गुड मार्शल. त्यांचं नाव जगाला ठाऊक आहे. पण मला सगळ्यात भावली ती संघटनेची टोपेकाची शाखा. तिचे अध्यक्ष मॅकिन्ली बर्नेट शिक्षण मंडळाकडे दोन वर्षं खेटे घालत राहिले. चिटणीस लुसिंडा टॉड मुळात शिक्षिका. लग्न झालेल्या बाईला तेव्हा शिक्षिकेच्या नोकरीत ठेवत नसत, म्हणून ती सुटलेली. शाखेच्या बैठका तिच्या घरी व्हायच्या आणि फिर्यादी व्हायला पहिली पुढे झाली तीही तीच. १९५० च्या शरद ऋतूत पालक आपापल्या मुलांना घेऊन जवळच्या गोऱ्या शाळांत गेले. नाव घालायला नकार मिळाला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये खटला दाखल झाला. फिर्यादी पालक १३, त्यातल्या १२ आया! लिंडाचा बाप ऑलिव्हर ब्राउन हा त्यात एकटा पुरुष, आणि नाव गाजलं ते त्याचं. लुसिंडाबाईंसारख्यांची नावं घरोघरी माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

आत एक अरुंद वाट आहे. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर आरडाओरडा करणारा गोरा जमाव, आणि आपण मधून चालायचं. शाळेत निघालेल्या मुलांच्या अंगावर हे येत होतं. भाचीने माझा हात घट्ट धरला. मलाही पुढे पाऊल टाकवेना.

साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेला भीमराव आठवल्यावाचून कसा राहील? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती मिळतीजुळती आहे, हे त्यात त्यांनी सांगितलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.

१७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की शाळांमधलं हे विभाजन घटनाबाह्य आहे. त्याची किंमतही मोजावी लागली. वेगळ्या शाळा गेल्या तर गोऱ्या मुलांना शिकवायला कृष्णवर्णीय शिक्षक लोकांना नको असतील, असं शिक्षण मंडळ धरून चालल्याची पत्रं टोपेकाच्या कृष्णवर्णीय शिक्षिकांना १९५३ मध्येच गेली होती. दक्षिणेत तर पुढे हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मनरोतल्या शिक्षकांनी ज्या मायेने मुलं घडवली, त्यांच्या वाट्याला हे यावं याचं फार वाईट वाटतं.

परतताना टोपेकाच्या शाळा खात्याचं मुख्य कार्यालय मुद्दाम बघितलं. ज्या मंडळाने बर्नेटना वर्षानुवर्षं दाद दिली नाही, त्याच्या कचेरीला आज त्यांचंच नाव आहे.