आईपुढे ग्रीन कार्ड सोडायचा फॉर्म ठेवला तेव्हा : माझा अनुभव

ज्यांचे आईवडील अमेरिकेच्या ग्रीन कार्डवर आहेत आणि मधेमधे बरेच महिने भारतात राहतात त्यांनी हे वाचाच, कारण विमानतळावरच्या त्या चौकशीच्या खोलीतला प्रकार आठवला की माझं डोकं अजूनही तापतं.

आई जूनमध्ये नाशिकला गेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिजिओ लांबली आणि परतायला जानेवारी उजाडला. सलग १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलं की ग्रीन कार्डवाल्यालाही नव्याने प्रवेश मागतोय असं धरता येतं, म्हणून मी मुद्दाम तिला आणायला नाशिकला गेलो होतो. अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशन काउंटरवरून आम्हाला आत पाठवलं, सेकंडरी इन्स्पेक्शनला, म्हणजे जादा चौकशीला.

तिथे फोन बंद. वकिलाला विचारू का म्हटलं तर नाही म्हणाले, आणि या टप्प्यावर वकिलाचा हक्क खरंच नसतो, गुन्ह्याचा तपास असून ताब्यात घेतलं असेल तरच मिळतो. म्हणून काय बोलायचं, कशावर सही करायची नाही, हे विमानात बसायच्या आधीच आईवडिलांशी बोलून ठेवा. ताटकळत बसवल्यावर अधिकाऱ्याने आय-४०७ फॉर्म आईपुढे सरकवला, वर पेन ठेवलं आणि म्हणाला, सही केलीत की लवकर मोकळ्या व्हाल. औषधाची वेळ टळून गेलेली, पाय सुजलेला, अशा बाईला हे सांगायचं! तो फॉर्म म्हणजे मी स्वतःहून ग्रीन कार्ड सोडतेय असं लिहून देणं. तो ऐच्छिक असतो, पण हे तो काही सांगत नव्हता. मी म्हटलं, "आई, सही करू नकोस." तिने पेन उचलून त्याच्या बाजूला ठेवलं आणि स्वच्छ म्हणाली, "नो साइन. जज." मला इतका अभिमान वाटला तिचा!

कारण नियम असाच आहे. अधिकाऱ्याला वाटलं तर तो नोटीस टू अपिअर, म्हणजे कोर्टात हजर राहायची नोटीस, देऊ शकतो, मग इमिग्रेशन कोर्टात केस चालते आणि कार्ड सोडल्याचं सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. जजचा अंतिम निकाल येईपर्यंत ती कायमची रहिवासीच. कार्ड काढून घेतलं तर पासपोर्टवर तात्पुरता पुरावा म्हणून शिक्का मागायचा.

मग त्याचा सुपरवायझर आला, हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर आणि रेसिडेंट म्हणून भरलेला टॅक्स रिटर्न बघितला आणि सोडलं. ही कागदं हँडबॅगेतच ठेवा. इंग्रजी कळत नसेल तर दुभाषा मागा, न कळलेल्या कागदावर सही नको.

घराच्या दाराशी इमिग्रेशनचे अधिकारी आले तर वेगळं, तिथे कोर्टाच्या जजची सही असलेलं वॉरंट नसेल तर दार उघडायची सक्ती नाही. बाहेर पडताना मात्र कार्ड जवळ हवंच, १८ वर्षांपुढच्यांना तो कायदाच आहे.

आणि हो, वर्षभर किंवा जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, आय-१३१ फॉर्म भरून री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा. भारतात पोचल्यावर तो करता येत नाही.