काकूंचा डबा परत आला तो दिवस

दसरा आठ दिवसांवर आला होता. डंकावर धने कुटणं चालू, दारात गिऱ्हाइकं उभी, आणि त्यातच काकू स्टीलचा डबा घेऊन आल्या. ठाण्यात मी घरगुती मसाले करायला लागले तेव्हापासून त्यांचा गोडा मसाला माझ्याकडेच होतो. डबा माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "ही दालचिनी नाही गं. पेरूची साल दिलीय कोणीतरी तुला. ना रंग, ना तिखटपणा. यंदाचा मसाला पार मिळमिळीत झाला."

त्या आठवड्यातली ही तिसरी तक्रार. एरवी मी वाशीच्या मसाला मार्केटमधून जी दालचिनी यायची ती घ्यायचे. हा माल मात्र पहिल्यांदाच कुडाळजवळच्या एका बागायतदाराकडून आणला होता. सगळ्यांसमोरच मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, "भाऊ, माल नक्की दालचिनीचाच आहे ना?" त्यांना ते लागलं, आवाजावरून कळलं. एवढंच म्हणाले, "ती माझ्या परसातली झाडां आसत, ताई." माडांच्या सावलीत लावलेली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण तेज' जातीची झाडं. साल त्यांनी स्वतः सोललेली.

मी दोन्ही साली ताटात शेजारी शेजारी ठेवल्या. मार्केटची साल जाड, तांबूस काळपट, एकाच थराची, दोन्ही कडा आत वळलेल्या. मोडायला बत्ता घ्यावा लागला. कुडाळची फिकट बदामी, कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली. चिरोट्याचे पदर सुटावेत तशी अंगठ्याखाली चुरली. चावून पाहिली तर आधी गोडवा आणि मागून लवंगेची पुसट चव. मार्केटची जिभेला झोंबणारी, थोडी तुरट. काकूंना हवा असलेला तिखटपणा तो हाच.

कृषी विद्यापीठाच्या एका प्रशिक्षणात शिकवलेली चाचणी आठवली. दोन्ही साली वेगवेगळ्या कुटल्या, पाण्यात उकळल्या, गाळल्या आणि पूर्ण निवू दिल्या. पाणी गरम असेल तर रंग धरत नाही, म्हणून थांबलेच. मार्केटच्या सालीचं पाणी चमच्याला चिकट लागत होतं. मग समोरच्या मेडिकलमधून आणलेलं टिंक्चर आयोडीन दोन्ही ग्लासांत थेंब थेंब सोडलं. कुडाळच्या पाण्याचा रंग जवळजवळ होता तसाच राहिला. मार्केटच्या पाण्यात मात्र दौतीतली शाई सांडावी तसा गडद निळा रंग पसरला. जाड सालीत स्टार्च भरपूर असतो, त्याचा हा रंग. (तयार पुडीवर ही चाचणी करून फसू नका. त्यात पीठ मिसळलेलं असलं तरी निळंच होतं. अख्खी साल आणून घरी कुटावी.)

म्हणजे इतकी वर्षं मी दालचिनी म्हणून तज विकत होते. म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची साल, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येणारी. आपल्या अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतही तज आणि दालचिनी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मी दोन्हींना एकच नाव देत होते. मला खरंच वाईट वाटलं.

काकू निळ्या ग्लासाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, हे रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेतात. शुगरसाठी. तुझ्याकडचीच."

मसाल्यात चिमूटभर तज गेली तर मी काही बोलणार नाही. पण रोज चमचाभर ही वेगळी गोष्ट. तजेत कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, खऱ्या दालचिनीत अगदी नाममात्र. काही जणांच्या यकृताला ते बाधतं. युरोपात रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम धरलीय. साठ किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेने हिशेब मांडला तो असा, की तेवढ्या वजनाच्या माणसाने रोज दोन ग्रॅमपेक्षा जास्त तज खाऊ नये. मी काट्यावर चमचाभर पूड तोलली. अडीच ग्रॅम भरली. काकूंना म्हटलं, आजपासून ती पूड बंद, आणि काकांना घेऊन डॉक्टरांकडे जा. शुगरवर ती किती चालते हेही त्यांनाच विचारा.

त्याच दुपारी दोन बरण्यांवर दोन चिठ्ठ्या लावल्या, 'तज' आणि 'दालचिनी', वेगवेगळ्या भावांच्या. मसाल्यासाठी काकूंनी तजच घेतली. त्यांच्या सासूबाईंपासूनची चव तीच आहे, आणि मी अडवलं नाही.

संध्याकाळी कुडाळला पुन्हा फोन केला. माफी मागितली, आणखी पाच किलो माल मागितला. ते म्हणाले, झाडांची पालवी अजून लाल आहे. ती हिरवी झाल्याशिवाय साल सुटायची नाही, तोवर थांबा.