तिथे दगड नव्हताच

३१ जुलै २०१९, बुधवार. सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा वाटलं, गावाहूनच असणार. महिनाभरापूर्वी चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं होतं आणि तेव्हापासून अवेळी फोन आला की पोटात गोळा यायचा. पण फोन ऑफिसातून होता. आदल्या दुपारी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या स्वेलडेल खोऱ्याच्या माथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला होता. ग्रिंटनच्या वर माळावरचा, लेबर्नकडे जाणारा पूल वाहून गेला होता. आसपासच्या मोऱ्या, पूल, भिंती यांतलं काय उभं आहे, काय पडलंय आणि काय पडायच्या बेतात आहे, याची यादी संध्याकाळपर्यंत हवी होती.

मी मूळचा देवगड तालुक्यातला. इंग्लंडच्या उत्तरेला डार्लिंग्टनमध्ये राहतो. रस्त्याकडेच्या भिंती आणि छोटे पूल तपासणं हे माझं रोजचं काम. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. गमबूट, टेप, हातोडी, कॅमेरा आणि मेंढ्यांच्या लेंड्या, एवढाच संसार.

रिचमंड सोडलं की रस्ता स्वेल नदीला धरून चढत जातो. एरवी या रस्त्यावर मी मुद्दाम गाडी हळू चालवतो. दोन्ही अंगांना हिरवे उतार, आणि त्यांवर वहीवर रेघा ओढाव्यात तशा बिनचुन्याच्या दगडी भिंती. यॉर्कशायर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात अशा आठ हजार किलोमीटरहून जास्त भिंती आहेत. वेड्यावाकड्या असतात त्या बऱ्याचदा जुन्या. सरळसोट डोंगर चढतात त्यांतल्या बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, गावाची सामाईक कुरणं कायद्याने वाटून टाकली तेव्हाच्या. कितीतरी शेतांत एकेकटा दगडी गोठा उभा दिसतो. वरच्या माळ्यावर गवत भरायचं, खाली हिवाळाभर गुरं बांधायची, आणि वसंतात तिथलंच शेण त्याच शेतात पसरायचं. आता गुरं मोठ्या शेडमध्ये गेली आणि यांतले बरेच गोठे रिकामे पडलेत, पण दिसायला अजून तसेच देखणे.

इथे आलो तेव्हा सगळ्यात आधी या भिंतींशी ओळख झाली. कारण सोपं आहे. आमच्याकडे हाच गडगा. आमचा गडगा जांभ्याचा आणि हा चुनखडीचा नाही तर वालुकाश्माचा, एवढाच फरक. इकडची लेन म्हणजे आमची पाणंद, बेक म्हणजे व्हाळ, ओढा, आणि वरचा मूर, उघडा माळ, म्हणजे सडा. जुलैअखेरीला या सड्यावर हेदर नावाचं झुडूप जांभळं व्हायला लागतं. पहिल्या वर्षी ते बघून मी घरी फोटो पाठवला, तर आईचं उत्तर आलं, ‘आपल्या सड्यावर तेरडा फुलतो तसाच.’

ग्रिंटन तसं मूठभर घरांचं गाव. नदीवर दगडी पूल, पुलाच्या टोकाला पब, आणि गावाच्या मानाने फारच मोठं सेंट अँड्र्यू चर्च. त्याला कारण आहे. एके काळी वरच्या अख्ख्या खोऱ्याला हेच एक चर्च होतं. खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या केल्डपासून सोळा मैल प्रेतं वेताच्या हलक्या पेट्यांत घालून, खांदेकरी बदलत इथवर आणत. १५८० मध्ये म्यूकरला चर्च झालं तेव्हा ती पायपीट थांबली. ती वाट अजून आहे. आता तीवरून हौशी लोक पाठपिशव्या लावून चालतात.

त्या दिवशी मात्र गाव ओळखू येत नव्हतं. रस्त्यावर घोटाभर चिखल, कुंपणांना अडकलेलं गवत, काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे गठ्ठे नदीकाठी कुठेही लोळत पडलेले. ऐन गवत कापणीचे दिवस, म्हणजे हिवाळ्याची बेगमीच गेली. घराघरांतून ओले गालिचे बाहेर ओढले जात होते. रडारड नाही, ओरडा नाही. कुणीतरी टेबल मांडून चहा ठेवला होता आणि चिखलाने माखलेली माणसं चहासाठीसुद्धा रांगेत उभी होती. खरं सांगायचं तर मला त्या शिस्तीचा थोडा रागच आला. आमच्याकडे एव्हाना निदान सरकारला चार शिव्या तरी हासडून झाल्या असत्या.

दुपारपर्यंत मी दोन पूल आणि सात मोऱ्या पाहिल्या. त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाण्याने पायाखालची माती नेली होती, नेहमीचीच गोष्ट. मग गावाच्या वरच्या अंगाला जाणाऱ्या पाणंदीत शिरलो आणि थबकलो.

वरच्या शेताची माती अडवणारी, पुरुषभर उंचीची भिंत तिथे होती. तिचा मधला बाराएक मीटरचा तुकडा फुटून पाणंदीत आडवा झाला होता. दगड आणि चिखल समोरच्या गोठ्याचं दार तोडून आत गेले होते. भिंत मी लगेच ओळखली. दोन वर्षांपूर्वी ती मीच तपासली होती. पोट सुटलंय, म्हणून अहवाल दिला होता आणि माझ्याच शिफारशीवरून तेवढ्या भागात दगडांमधल्या फटी सिमेंटने भरून घेतल्या होत्या. बरोबर तेवढाच भाग पडला होता. डावीउजवीकडची, कुणी हात न लावलेली दोनशे वर्षांची भिंत जागच्या जागी होती आणि तिच्या सांध्यासांध्यातून पाणी गळत होतं.

गोठ्याच्या दारात ऐंशीच्या घरातल्या एक बाई फावड्याने चिखल ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, “नाउ देन.” इकडे नमस्काराला हे म्हणतात, आपल्या ‘काय मग?’चा सख्खा भाऊ. मी ओळख सांगितली. रस्त्याच्या कामाचा माणूस, एवढीच. बाकीची गिळली.

त्यांच्या चाळीस मेंढ्या वरच्या कोपऱ्यात एका भिंतीच्या आडोशाला गोळा झाल्या होत्या. काळं तोंड, पांढरं नाक, वळलेली शिंगं. अस्सल स्वेलडेल. बाई त्यांच्याकडे बोट करून पुटपुटत होत्या, “यान, टान, टेदर, मेदर, पिप...” मेंढ्या मोजायचे हे इथले जुने आकडे. हल्ली असं कुणी मोजत नाही, पण वडिलांनी शिकवलेलं तोंडात बसलंय, म्हणाल्या. मेंढ्या पुऱ्या भरल्या. गवत मात्र सगळं भिजलं होतं.

“भिंत कशी गेली, बघितलंत?” मी विचारलं.

“बघितलं ना. वरच्या शेतात तळं झालं. भिंतीच्या डोक्यापर्यंत. मग ती आधी फुगली, आणि एकदम गेली. आवाज असा, की वाटलं लॉरीच उलटली.” मग फावड्यावर रेलून म्हणाल्या, “ही पूर्वी कधी गेली नव्हती. स्मूट बुजवले ना त्यांनी.”

“काय बुजवलं?”

त्यांनी मला हाताला धरून शाबूत भिंतीपाशी नेलं. तळाशी एक चौकोनी भोक होतं. वीतभर रुंद, वर आडवा दगड टाकलेला, आणि त्यातून गढूळ पाणी नळासारखं वाहत होतं. “हा स्मूट. सशाला नाही तर पाण्याला वाट. भिंत रचतानाच ठेवतात. त्या तुकड्यात पाच होते. दोन वर्षांमागे माणसं आली, सिमेंट घेऊन. मी म्हटलं, ही भोकं राहू द्या. ती म्हणाली, कागदावर भरायला सांगितलंय. कागदावर लिहिलं होतं, दगड गळालेत.” त्या हसल्या. “दगड गळाला नव्हता, लॅड. तिथे दगड कधी नव्हताच.”

कागद माझा होता. ‘तळच्या थरात पाच ठिकाणी दगड गळालेले आहेत, भरून घ्यावेत.’ वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. लिहिताना त्या नेमक्या मापाच्या, सारख्या अंतरावरच्या भोकांवर आडवे दगड कुणी आणि का ठेवले असतील, हा प्रश्न मला पडला नव्हता. भिंत बिनचुन्याची असली की तिचं अर्धं काम पाणी जाऊ देणं हेच असतं. दोन बाजूंना दगडांचे पदर, मध्ये चिपांची भर, अधूनमधून दोन्ही पदरांना बांधणारा आरपार लांब दगड. पाणी कुठूनही वाट काढतं, म्हणून मागच्या मातीचा दाब वाढत नाही. मी पाण्याच्या सगळ्या वाटा लिंपल्या आणि कोरड्या भिंतीचा बांध करून ठेवला. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. त्याहून लाजिरवाणं म्हणजे हे मी पुस्तकाआधी पाहिलेलं होतं. पावसाळा तोंडावर आला की आजोबा गडग्याच्या तळची भोकं काठीने मोकळी करत फिरायचे, आणि मागे बादली घेऊन मी.

ढिगाऱ्यात हात घातला तर एक गोळा सापडला. सिमेंटमध्ये रुतलेले चार दगड, चौकोनी, वीतभर रुंद. स्मूटचा अगदी साचाच. एका बाजूला सिमेंटवर थापीचे फटकारे अजून स्वच्छ दिसत होते. काम चांगलं केलं होतं पोरांनी.

मी तो गोळा हातात घेऊन बाईंना म्हणालो, “तो कागद मी लिहिला होता.”

त्या काही बोलल्या नाहीत. फावडं भिंतीला टेकवलं आणि आत गेल्या. मला वाटलं, आता फोन करून तक्रार नोंदवणार. नोंदवायलाच हवी होती. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या बशी घेऊन. फ्रूटकेकचा तुकडा आणि त्यावर वेन्स्लीडेल चीजची जाड फोड. यॉर्कशायरमध्ये केकबरोबर चीज खातात. मला ही जोडी एरवी पटत नाही. बशी माझ्या हातात देऊन त्यांनी तो गोळा काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि गोठ्याचं मोडकं दार उघडं राहावं म्हणून खाली लावला.

“चांगला जड आहे,” म्हणाल्या.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. ‘कारण’ या रकान्यात ‘असाधारण पर्जन्यमान’ लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. त्या दिवशी त्या खोऱ्यातल्या बहुतेक भिंतींपुढे तेच लिहिलं गेलं आणि ते खरंही होतं. मी त्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या, २०१७ च्या अहवालाचा क्रमांक टाकला आणि खाली माझं नाव. वरिष्ठांचा फोन आला, एवढं लिहायची खरंच गरज आहे का म्हणून. ओळी राहिल्या. पुढे तीन महिने माझ्या प्रत्येक सहीखाली दुसऱ्याची सही लागत होती, ते वेगळं.

दुसऱ्याच दिवशी टीव्हीवाले व्हेली ब्रिजच्या, फुटायच्या बेतात आलेल्या धरणाकडे वळले, आणि ग्रिंटन बातम्यांतून गेलं. कॅटरिकच्या छावणीतले जवान येऊन शेतांतले दगड उचलू लागले. आठवडा उलटेतो सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, आणि मग फोन खरोखरच घरून येऊ लागले.

माळावरच्या पुलाची मात्र सगळ्यांना घाई होती. सप्टेंबरअखेरीला सायकलिंगची जागतिक स्पर्धा यॉर्कशायरमध्ये होती आणि पुरुषांची मुख्य शर्यत त्याच रस्त्याने जाणार होती. तात्पुरता पूल वेळेत उभा राहिला. पाणंदीतली भिंतही रचून झाली, सिमेंटचा कण न घालता. माझ्या नव्या नकाशावर पाच चौकोन होते आणि त्यांच्यापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘भरू नये’. रचणाऱ्याने नकाशा घडी करून खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढलाच नाही.

२९ सप्टेंबरला, रविवारी, मी शर्यत बघायला म्हणून गेलो. २०१४ मध्ये टूर द फ्रान्स याच रस्त्याने गेली होती, तेव्हा पिवळी रंगवलेली एक जुनी सायकल बाईंनी गोठ्यावर पुन्हा टांगली होती. पाऊस सकाळपासून धो धो. मग कळलं, पावसामुळे मार्ग कापलाय. बटरटब्जचा घाट नाही आणि ग्रिंटन मूरही नाही. शर्यत इकडे येणारच नव्हती. इतक्या धावपळीने बांधलेल्या पुलावर बहुधा फक्त मेंढ्याच होत्या.

बाई रेनकोट घालून पाणंदीत आल्या. भिंत ओली चकचकीत, तळाशी पाच ठिकाणी पाणी उसळून गटारात पडत होतं. त्यांनी काठी उचलली आणि एकेका भोकाकडे रोखत गेल्या.

“यान. टान. टेदर. मेदर.” पाचव्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.

“पिप,” मी म्हणालो.