पाळणाघरासाठी दिलेला अर्ज

चाकण औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करते, तेथे पाळणाघर सुरू व्हावे यासाठी आम्ही काही जणींनी 2018 साली मनुष्यबळ विभागाकडे लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. प्रसूती लाभ अधिनियमातील 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली होती आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले होते.

स्त्री-कामगार तिसांहून अधिक नसल्यामुळे पाळणाघराचा प्रश्नच उद्भवत नाही, असे पहिले उत्तर आले. हा आकडा कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 मधला. त्यामुळेच तिसांची मर्यादा ओलांडणार नाही इतक्याच बायका कामावर घ्यायच्या, अशी युक्ती काही मालक पूर्वीपासून करत आले आहेत. आमच्याकडे तसे ठरवून होत होते का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण बायकांची संख्या वर्षानुवर्षे तिसांच्या अलीकडेच अडलेली होती, एवढे खरे. प्रसूती लाभ अधिनियमाच्या नव्या कलम 11-अ मध्ये मात्र पुरुष धरून सगळेच कर्मचारी मोजायचे होते. आम्ही उत्तरात एवढेच लिहिले आणि कलमाची प्रत जोडली.

त्यानंतरचा विरोध तोंडी होता. ‘असंच चाललं तर पुढच्या भरतीत मुली नकोतच,’ असे एका साहेबांनी बैठकीत सर्वांसमोर सांगितले. मला राग आला, तरी या बोलण्यामागचा हिशेब खोटा नव्हता. प्रसूती रजेचा पगार विम्यातून देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेर, म्हणजे दरमहा 21,000 रुपयांपेक्षा अधिक वेतनावर, आमच्यासारख्या बायका असल्याने 26 आठवड्यांचा पूर्ण पगार कंपनीलाच द्यावा लागत होता. स्त्रीला नोकरी देणे महाग करणारी ही रचना सदोष आहे, असे माझे मत आहे. परंतु त्याची किंमत नोकरी मागणाऱ्या मुलीने का मोजावी, याचे उत्तर त्या बैठकीत कोणाकडेच नव्हते.

गाडे हलले ते पुरुष सहकाऱ्यांमुळे. नवरा-बायको दोघेही पाळीत काम करणारे संसार आमच्याकडे बरेच आहेत, आणि दुसऱ्या अर्जावर अशा अनेक वडिलांनी सह्या केल्या, तेव्हा ‘बायकांचे लाड’ हा शेरा आपोआप बंद झाला. कायदा सामायिक सोयीला परवानगी देत असल्याने शेजारच्या कारखान्यांबरोबर खर्च वाटून घेऊन एक जागा भाड्याने घेण्यात आली.

विरोध मात्र संपला नाही, तो फाटकावरच्या नोंदवहीत शिरला. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे आणि विश्रांतीची सुटी त्यातच धरलेली आहे. तरीही प्रत्येक फेरीला गेटपास, त्यावर पर्यवेक्षकाची सही आणि परतल्यावर मिनिटांचा हिशेब सुरू झाला. (ज्या वडिलांनी सह्या केल्या, त्यांना कायद्याने ही मुभा नाहीच.) वार्षिक मूल्यमापनात काही जणींच्या नावापुढे ‘जागेवर वारंवार अनुपस्थित’ असा शेरा पडला. आम्ही पुन्हा लेखी हरकत घेतली, फेऱ्यांच्या नोंदी जोडल्या आणि तो शेरा काढून घ्यायला लावला. गेटपास अजून चालू आहे. त्याविरुद्धचा अर्ज आता कारखाना व्यवस्थापकांकडे आहे.